बांधावरच्या ब्राह्मीपासून नोंदणी नंबरच्या पाकिटापर्यंत

ब्राह्मीची पानं वाळवून विकायची आणि तिची चटणीपूड करायची, असं ठरवून आमच्या बचत गटानं जून 2023 मध्ये काम सुरू केलं. नोंदणी नंबर छापलेलं पहिलं पाकीट दुकानात गेलं ते एप्रिल 2024 मध्ये. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात, खास करून जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, हे करावं असं अनेक गटांच्या मनात असतं. पण कुठं पहिलाच माल पावसात काळा पडतो, कुठं कागदपत्रांचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. म्हणून जे जसं घडलं ते क्रमानं लिहिलं आहे, खर्च आणि थांबण्यासकट. ब्राह्मीचं तेल विकायचं असेल तर मात्र यातला कागदांचा भाग उपयोगाचा नाही. तेल औषधाच्या किंवा सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यात जातं, तो रस्ता वेगळा.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. आपल्याकडं ब्राह्मी म्हणून दोन वनस्पती विकल्या जातात. भाताच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, पाटाच्या ओलाव्यात जमिनीलगत पसरते ती मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. कन्नड शेजारी तिला ओंदेलगा म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. दुसरी नीरब्राह्मी, बॅकोपा मोनिएरी. तिची पानं बारीक, जाडसर, समोरासमोर येतात, फूल पांढरं किंवा फिकट जांभळं असतं आणि चव चांगलीच कडू. चटणी, तंबळी (वाटलेलं पान ताकात कालवून करतात ती) आणि चहाला लागते ती पहिली, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

तिचं पान गोलसर, बुडाशी खाच असलेलं, कडा बोथट दातेरी. देठ त्या खाचेत जोडलेला असतो आणि शिरा तिथूनच पंख्यासारख्या पसरतात. धावता दांडा जमिनीवरून जातो आणि प्रत्येक पेराला मुळं फुटतात. फुलं इतकी बारीक की शोधावी लागतात. पानाखाली, मातीजवळ, लालसर जांभळी, दोन-चारच्या झुबक्यात. कोथिंबीर आणि गाजराच्या कुळातली असल्यानं पान चुरगळलं की तसाच मंद वास येतो. फसवते ती उंदीरकानी. तिचंही पान मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं, पण फूल पिवळं, नरसाळ्यासारखं. पाणथळ जागी आणखी एक चकचकीत पानांची वेल दिसते, तिचा देठ पानाच्या बरोबर मधोमध चिकटलेला असतो. तीही सोडून द्यायची.

शंका असेल तर फुलं आणि मुळांसकट एक पूर्ण वेल वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी आणि जाणत्याकडं न्यावी. बेळगावात त्याची सोय चांगली आहे. नेहरूनगरात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, शहापुरात केएलईचं आयुर्वेद महाविद्यालय आहे. नुसतं पान घेऊन गेलात तर कुणीच ठाम सांगणार नाही. फूल हवंच.

दुसरा प्रश्न, आणायची कुठून? आमच्या तालुक्यातलं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय पाला-मुळ्या काहीही काढता येत नाही, आणि राखीव जंगलातही वनखात्याला विचारल्याशिवाय हात घालू नये. त्यामुळं रानातून गोळा करून धंदा, हा विचार आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवला. स्वतःच्या शेताच्या बांधावरून फक्त बियाणं, म्हणजे धावते दांडे, घ्यायचे आणि परड्यात वाफे करायचे.

याला कायद्याइतकंच मोठं दुसरं कारण आहे. ही वनस्पती ज्या पाण्यात उभी राहते त्यातलं सगळं शोषून घेते. गटाराच्या कडेची, रस्त्यालगतची, जनावरं बसतात तिथली ब्राह्मी दिसायला सगळ्यात हिरवीगार असते आणि सगळ्यात वाईट तीच. शिसं, कॅडमियमसारखे जड धातू तिच्यात साठतात, वर मैल्यातले जंतू पानाला चिकटतात. तंबळीत पान कच्चंच जातं किंवा जेमतेम परतलं जातं, तेव्हा हा धोका थेट पोटात. बाजारातली ओली जुडी विकत घेताना ती कुठून आली हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

वाफे जूनच्या अखेरीस, पहिला जोर ओसरून माती बसल्यावर केले. आपली लाल जांभ्याची माती पाणी लवकर सोडते, म्हणून चौरस मीटरला दोन बुट्ट्या कुजलेलं शेणखत मिसळलं आणि वाफा वीतभर उंच ठेवला. तीन-चार पेरांचे तुकडे, पेर मातीत दाबून, वीतभर अंतरावर. मुळं आठवडाभरात धरतात. वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी. त्या वेळी चौरस मीटरला तीस-पस्तीस रुपये पडले. जाळी हवीच का, असं बरेच जण विचारतात. भर उन्हातलं पान लहान, जाड आणि कडू होतं. गर्द सावलीत पान मोठं पण देठ लांबलचक, आणि वाळवताना देठच नडतो. अर्धी सावली हा मधला मार्ग.

जुलै-ऑगस्टमध्ये करण्यासारखं एकच काम असतं, भांगलण. हरळी एकदा दांड्यांत गुंतली की वाफा मोडावा लागतो, कारण दोन्ही जमिनीलगत पसरतात आणि उपटताना ब्राह्मीच आधी हातात येते. पाणी साचलं तर पानावर तपकिरी ठिपके पडतात. त्यावर फवारणी करू नये, चर खोल करावा. गोगलगायी संध्याकाळी हातानं वेचायच्या. पान खायचं आहे, त्यामुळं दुसरा उपाय आम्ही केला नाही.

पहिली तोडणी लागणीनंतर तीन महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी तयार होते. तरी आम्ही ती घरच्या जेवणात संपवली आणि वाळवणाची तोडणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात केली. सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा होता, असं आता वाटतं. आपल्या भागात सप्टेंबरअखेरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की सावलीत पसरलेलं पान वाळण्याआधी कुजायला लागतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ वाळवणाचा. एरवीची ब्राह्मी ओली वापरावी.

तोडणी सकाळी, दव उडाल्यावर. विळ्यानं जमिनीपासून दोन बोटं वर कापायचं, उपटायचं नाही. खोड शिल्लक राहिलं तर दीड-दोन महिन्यांत पुन्हा कापणी मिळते. मुळं आणि माती लागलेले तुकडे धुण्याआधीच काढायचे, नाहीतर तीच माती सगळ्या पानांवर बसते. मग तीन पाण्यांतून धुणं, शेवटचं पिण्याचं पाणी. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवण्याची पद्धत आहे, त्यानं किडे-अळ्या सुटतात. जंतू मरतात असं समजू नये. धुतल्यावर बुट्टीत निथळत ठेवून सुती कापडावर पसरायचं आणि पंख्याखाली पाणी पूर्ण उडू द्यायचं. ओलं पान ढिगात तासभर जरी राहिलं तरी आतून तापतं, आणि तापलेलं पान पुढं काळंच पडतं.

आता वाळवण. पानं देठापासून वेगळी करावीत. देठात पाणी जास्त, तो दोन दिवस मागं राहतो. पान कुरकुरीत झालं म्हणून डबा भरला की देठातला ओलावा पानात उतरतो आणि पंधरवड्यात बुरशीचा वास येतो. देठ टाकायचे नाहीत. बारीक चिरून वेगळे वाळवले की चटणीपुडीत चालतात. पानांसाठी लाकडी चौकटीला नायलॉनची जाळी ठोकून ट्रे केले, म्हणजे हवा खालूनही लागते. थर एका पानाचा, फार तर दोन. सावलीची खोली, खिडक्या उघड्या, पंखा चालू, दिवसातून दोनदा हलवणं. उन्हात टाकलं तर लवकर वाळतं, पण रंग गवतासारखा पिवळट होतो आणि वास जातो. यंत्रातला ड्रायर मिळाला तर चाळीस अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून बरंच वर नेलं की पान तपकिरी पडतं.

झालं की नाही याची परीक्षा हातानं: पान मुठीत घेतलं की चुरा व्हायला हवा, आणि वाकवलेला देठ टक्कन मोडला पाहिजे. एक किलो ओल्या पानाचं सव्वाशे ते दीडशे ग्रॅम वाळतं. तुमचं दोनशे ग्रॅम भरलं तर खूश होऊ नका, ते ओलं आहे. वाळलेलं पान आधी आठवडाभर हवाबंद डब्यात ठेवावं आणि मग उघडून वास घ्यावा. डब्याच्या झाकणाला आतून दमटपणा दिसला तर परत ट्रेवर.

हिवाळाभर वाफ्यातून माल येत होता, तोवर स्वयंपाकघरात प्रमाणं बसवली. चहासाठी वाळलेलं पान कपाला एक सपाट चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग पान टाकून पाच मिनिटं झाकायचं. पानासकट खळाखळा उकळलं तर कडवटपणा उतरतो, वर फेसही येतो, कारण या पानात सॅपोनिन असतात. ओली पानं असतील तर कपाला आठ-दहा, हातानं फाडून. नुसत्या ब्राह्मीचा चहा गवतासारखा लागतो, हे मान्य करायला हवं. गवती चहाचं बोटभर पातं आणि आल्याची एक चकती घातली की तो पिण्याजोगा होतो. दुधात करायचा असेल तर धने, जिरे, मिऱ्याच्या कषायपुडीबरोबर छान लागतो. गूळ मात्र भांडं खाली उतरवल्यावर घाला; उकळत्या दुधात घातला की फाटतं.

तंबळी हा या पानाचा सर्वांत चांगला उपयोग, असं आमचं मत. चौघांना मूठभर, म्हणजे तीसेक पानं, चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरे आणि पाच-सहा मिऱ्यांबरोबर पान मऊ होईपर्यंतच परतायची. थंड करायची. पाव वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटून दोन वाट्या ताकात मिसळायची, मीठ, वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी. ही गरम करत नाहीत. वाटण गरम असतानाच ताकात ओतलं की ताक फुटतं, आणि ताक फार आंबट असेल तर पानाची चव हरवते. चटणी रोजचीच: हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, हिरवी मिरची, चिंच, खोबरं आणि पानं. पानं कच्ची वाटली तर रंग चांगला, परतली तर कडवटपणा कमी. भाकरीच्या पिठात चिरून घातलेली पानंही खपतात, मुलांना कळतसुद्धा नाही.

विकायची चटणीपूड कारळ्याची केली, कारण बेळगावात कारळ्याच्या चटणीला गिऱ्हाईक तयार आहे. कारळे 250 ग्रॅम, वाळलेली ब्राह्मी 40 ग्रॅम, ब्याडगी मिरची 25 ग्रॅम, लसूण 30 ग्रॅम, चिंच 15 ग्रॅम, जिरे 10 ग्रॅम, मीठ चवीनं पंचवीस-तीस ग्रॅम. कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, ब्राह्मी फक्त गरम तव्यावर फिरवायची, भाजायची नाही. ब्राह्मी 50 ग्रॅमच्या पुढं गेली की शेवटी जिभेवर कडू रेंगाळतं. लसूण पातळ चिरून पूर्ण कोरडा होईपर्यंत भाजला नाही तर पुडीला बुरशी लागते. आणि कारळ्यात तेल असल्यानं पूड दोन महिन्यांनी खवट व्हायला लागते, म्हणून पाकिटावर मुदत तेवढीच टाकली.

कागदपत्रांना जानेवारी 2024 मध्ये हात लावला. अन्न विकायचं तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की आम्ही अर्ज केला तेव्हाच्या नियमांत वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती, एक ते पाच वर्षांची एकदम भरता येत होती. आम्ही पाच वर्षांचे 500 भरले. अर्ज फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म ए. फोटो, ओळखपत्र, आणि जिथं माल तयार होतो त्या जागेचा पुरावा. याच कामाचे हजारो रुपये मागणारे एजंट भेटतात, आणि सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळंही इंटरनेटवर आहेत. पोर्टलचा पत्ता सरकारी आहे का, हे आधी पाहा.

नोंदणी गटाच्या नावानं की एका सभासदाच्या? गटाच्या नावानं करायची तर ठराव, सह्या, गटाचं पॅन, असं लांबत जातं. ज्या घरात वाळवण आणि दळण होतं, त्या घरच्या सभासदाच्या नावानं केली आणि तसा ठराव गटाच्या वहीत लिहिला. सगळ्यांत जास्त वेळ जागेच्या पुराव्यानं खाल्ला. हेस्कॉमचं वीजबिल अनेक घरांत अजून सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर असतं. बिल, आधार आणि अर्ज यांवर तीन वेगळी नावं असली की अर्ज शंका काढून परत येतो. यावर दोन उपाय: बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतिपत्र, किंवा ग्रामपंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना 9 आणि 11. वयस्कर माणूस घरात असेल तर संमतिपत्र सोपं. नाव वारलेल्या माणसाचं असेल तर आधी पंचायतीत वारसा लावावा लागतो आणि त्यात महिने जातात, तेव्हा ज्या सभासदाचे कागद सरळ आहेत तिचंच घर निवडणं शहाणपणाचं.

पंचायतीतले कागद कन्नडमध्ये येतात, आधारवर नाव इंग्रजी-कन्नड, आणि शाळेच्या दाखल्यावर मराठी. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अडतं. अर्ज भरताना आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. ज्यांना संगणकाचं अंग नाही त्यांनी ‘ग्राम वन’ (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात बसून भरून घ्यावा, पण मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा. शंका निघाली की संदेश त्याच नंबरवर येतो. केंद्रवाल्याचा नंबर दिला तर उत्तर द्यायची मुदत कधी संपली ते कळतही नाही.

पदार्थाचं नाव आणि वर्ग निवडताना डोकं शांत ठेवा. वाळवलेली पानं आम्ही वाळवलेल्या भाज्यांत दाखवली, चटणीपूड मसाले-चटण्यांत. 'स्मरणशक्तीसाठी', 'मेंदूचं टॉनिक' असं काही लिहिलं, किंवा चूर्ण-कॅप्सूल म्हणालात, की तो पदार्थ आरोग्यपूरकांच्या 2016 च्या नियमांकडं जातो आणि साधी नोंदणी पुरत नाही. रोग बरा होतो असं छापलं तर 1954 चा जाहिरातीविषयीचा कायदाही आडवा येतो. पिढ्यानपिढ्या आपण ब्राह्मी भाजी म्हणूनच खात आलो, तर कागदावरही ती भाजीच राहू द्यावी.

नियमाप्रमाणं सात दिवसांत अधिकाऱ्यांनी नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. आमच्याकडं एक शंका निघाली, जागेबद्दलचीच. संमतिपत्र जोडल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस तपासणी झाली. भीती वाटत होती, पण पाहिलं काय? पाणी कुठून येतं, कचऱ्याला झाकण आहे का, वाळवणाच्या खोलीच्या खिडक्यांना जाळी आहे का, जनावरांचा गोठा लागून आहे का, डबे जमिनीवर आहेत की फळीवर. खिडकीची जाळी आणि फळी ही दोन कामं आधीच करून ठेवा, खर्च फार नाही. मार्चमध्ये चौदा अंकी नंबरचं प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घेतलं. ते काम चालतं तिथं भिंतीवर लावायचं असतं.

मग पाकीट. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेली पाऊच घ्या, पारदर्शक नको. उजेडात पान महिन्याभरात फिकट पडतं. 2024 मध्ये पाऊच चार-पाच रुपयांना पडली, हातानं दाबायचं सीलिंग यंत्र दीड हजाराच्या आसपास. वजनकाटा विक्रीसाठी वापरायचा तर त्यावर वजनमाप खात्याचा शिक्का लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दर वर्षी नवा करावा लागतो. लेबलावर पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडं, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, मुदत, बॅच, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी नंबर, एफएसएसएआय नंबर, आणि चौकोनातला हिरवा ठिपका. लहान पाकिटावरही ठिपक्याचा व्यास 3 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असणं बंधनकारक आहे. मराठी आणि कन्नड त्याच्या जोडीला घालता येतं. आम्ही तिन्ही भाषा घातल्या, कारण गिऱ्हाईक तिन्ही आहेत. छपाईला टाकण्याआधी लेबलाची साध्या कागदावर प्रत काढून पाऊचवर चिकटवून बघा, अक्षरं वाटतात त्यापेक्षा बारीक येतात.

हिशेब असा: 50 ग्रॅमच्या पाकिटाला जवळपास चारशे ग्रॅम ओलं पान. तोडणी, धुणं आणि देठ काढणं यातच मजुरी जाते. घाऊक व्यापारी वाळलेल्या पानाला जो भाव सांगतो त्यात ही मजुरी निघत नाही. चटणीपुडीत मात्र निघते, कारण 40 ग्रॅम पानात चारशे ग्रॅमच्या आसपास माल तयार होतो. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी आधी पुडीचीच नोंदणी करावी, चहाची पानं नंतर जोडता येतात.

पाकिटासोबत आम्ही वापराची चिठ्ठी देतो: दिवसाला एक-दोन कप पुरे, आणि सलग महिनोन्‌महिने घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, यकृताचं दुखणं असलेल्यांनी आणि झोपेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ब्राह्मीनं यकृताला त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तंबळीत आठवड्यातून एक-दोनदा मूठभर खाण्याची गोष्ट निराळी, रोज कपच्या कप घेण्याची निराळी. काही दुकानदार ही चिठ्ठी काढून टाकायला सांगतात, त्यानं माल खपत नाही म्हणून. तिथं माल ठेवत नाही.